परतीचा खेळ

"मी कचरा उचलते, पण कुणाच्या जिन्यात थुंकत नाही." पडद्यावर हे वाक्य जेमतेम अडीच सेकंद असतं. तेवढ्यात त्याचं इंग्रजी करून तळाशी दोन ओळींत बसवायचं, ओळीला चाळीसेक अक्षरं, हे माझं काम. मराठी-हिंदी माहितीपटांना इंग्रजी सबटायटल करून देण्यावर बरीच वर्षं माझं घर चाललंय. त्यामुळे पुण्यात होणाऱ्या माहितीपटांतल्या बायका मला आधी कानांनी भेटतात. हेडफोनमध्ये त्यांचा श्वास, मागची कुकरची शिट्टी, मध्येच रडणारं पोर, सगळं ऐकू येतं.

ही बाई मात्र चेहऱ्यानंही ओळखीची होती. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ती रोज सकाळी ओला-सुका न्यायला येते. एका दिग्दर्शक मुलीला कचरावेचक बायकांवर काहीतरी करायचं होतं, ओळख मीच करून दिली. सबटायटल करताना मी जिना आणि थुंकणं दोन्ही ठेवलं होतं. दुरुस्त्या होऊन फाइल परत आली तेव्हा त्या जागी 'मी गरीब आहे, पण मला स्वाभिमान आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य बसलेलं. परदेशी प्रेक्षकाला जिन्याचं काय कळणार, असं मला फोनवर सांगण्यात आलं. मी फार ताणून धरलं नाही. बिल निघायचं होतं.

चित्रपट तीन महोत्सवांत गेला. पुण्यातल्या एका सभागृहात झाला तेव्हा मी मागच्या रांगेत होते. टाळ्या भरपूर पडल्या, नंतरच्या प्रश्नोत्तरांत 'एजन्सी', म्हणजे आपलं आपण ठरवण्याची ताकद, हा शब्द चार वेळा आला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी पार्किंगमध्ये बादली उपडी करता करता तिनं मला विचारलं, "ताई, ते आमचं शूटिंग केलेलं, ते लागलं का कुठं?"

माहितीपटांवरून आपल्याकडे वाद झाला की तो दोन प्रश्नांभोवती फिरतो. सरकारनं अडवला का, हा एक. दिग्दर्शकाला या विषयाला हात घालायचा हक्क होता का, हा दुसरा. म्हणजे मग दिग्दर्शकाची जात, धर्म, शिक्षण, फ्लॅट कुठं आहे, सगळं निघतं. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण त्या भांडणात पार्किंगमधला प्रश्न कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं साधं आहे: ज्या बायकांवर, ज्या समाजावर माहितीपट केला, त्यांना तो त्यांच्या भाषेत, त्यांच्या सोयीच्या जागी आधी दाखवावा. त्याआधी तो दुसऱ्या कुठल्याही पडद्यावर लागू नये. आणि ही गोष्ट दिग्दर्शकाच्या चांगुलपणावर न सोडता पैसे देणाऱ्यांनी आणि महोत्सव भरवणाऱ्यांनी तिची अट करावी. मी याला परतीचा खेळ म्हणते.

हे पुण्यातूनच म्हणायला हवं. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. दोन्ही लॉ कॉलेज रस्त्यावर, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. देशभरातून चित्रपट शिकायला, बघायला, शोधायला माणसं इथं येतात, आणि शिकाऊ कॅमेऱ्यांना विषय हवे असतात म्हणून ते कॅमेरे दांडेकर पूल, जनता वसाहत, बुधवार पेठ, येरवडा असे फिरतात. या वस्त्यांतल्या काही बायकांनी इतक्या मुलाखती दिल्यात, की प्रश्नाआधी उत्तर सुरू होतं. एकीनं माझ्या हेडफोनमध्येच विचारलं होतं, "रडून दाखवायचं का आत्ताच, का नंतर?" ते अर्थातच कापलं गेलं. मला विचाराल तर त्या माहितीपटातलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

सहीच्या कागदाचंही असंच. शूटिंगच्या आधी जो संमतीचा कागद पुढं केला जातो तो बहुधा इंग्रजीत असतो आणि परदेशी नमुन्यावरून उतरवलेला असतो. त्यातलं एक कलम मला तोंडपाठ झालंय: हे चित्रण आज उपलब्ध असलेल्या आणि पुढं शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी वापरता येईल. संपूर्ण विश्वात, पण जनता वसाहतीत नाही. बाई सही करते कारण समोरची मुलगी चांगल्या घरची दिसते, चहा घेते, ताटातलं खाते. खरी संमती ती असते, कागदाला दिलेली नव्हे. म्हणूनच पुढची जबाबदारी कागदावर ढकलून चालत नाही.

आता 'गैरसमज झालेल्या' धर्मसमाजांकडे वळते, कारण तिथं हा गुंता आणखी वाढतो. आणि दूर कुठं न जाता आपल्या भाषेतच बघू. 'मानभावी' हा शब्द आपण दिवसातून किती सहज वापरतो. वरवर गोड, आतून कावेबाज. सुनेनं सासूबद्दल, कार्यकर्त्यानं पुढाऱ्याबद्दल. हा शब्द आला तो महानुभाव पंथावरून. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' या एका म्हणीत दोन समाजांना एकदम झोडपून घेतलंय. तेराव्या शतकात ज्या पंथानं जातिभेद नाकारला, बायकांना संन्यासाची दीक्षा दिली, मराठीला धर्माची भाषा केलं, ज्यातल्या महदाइसेला आपण मराठीतली आद्य कवयित्री म्हणून शाळेत शिकवतो, त्याच पंथाचं नाव कोशात दांभिकपणाचा अर्थ घेऊन बसलंय. आणि आपल्याला त्याची टोचणीही लागत नाही. गैरसमज असा मुरलेला असतो. त्यासाठी कुणी तलवार घेऊन उभं राहावं लागत नाही.

यात पंथाचाही एक वाटा होता, तो सांगायला हवा. पवित्र ग्रंथ बाहेरच्यांच्या हाती पडू नयेत म्हणून महानुभावांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांना त्या लिप्या उलगडेपर्यंत मराठीतलं हे थोरलं गद्य उरलेल्या मराठी माणसांना जवळपास ठाऊकच नव्हतं. दार लावून घेतलेल्या घराबद्दल गल्ली गोष्टी रचते. या बंद दाराशीच माहितीपट करणारा माणूस येऊन उभा राहतो आणि म्हणतो, मी आत जाऊन येतो आणि तुम्हाला खरं काय ते सांगतो.

तसं आत जाऊन सांगण्याचं काम याच पंथात एकानं केलं होतं, आणि मला वाटतं आपल्या माहितीपटवाल्यांनी त्याच्याकडे जरा बघावं. म्हाइंभटानं लीळाचरित्र, म्हणजे पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींचं चरित्र, कसं लिहिलं? चक्रधरांच्या पश्चात, त्यांना ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्याकडे गावोगाव जाऊन, विचारून, आठवणी गोळा करून. गोळा केलेलं, चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांसमोर ठेवून तपासून घेऊन. स्वामी काय जेवले, कुठं बसले, कुणाला काय म्हणाले, म्हातारी कशी रुसली, सगळं बारीकसारीक. साक्षीदारांत बायका पुष्कळ. पुढं धामधुमीत पोथ्या गेल्या तेव्हा हिराइसा नावाच्या शिष्येनं आपल्या आठवणीतून पाठ सांगितला, असं परंपरा मानते. तिच्या नावाचा पाठ आजही अभ्यासक धरतात. म्हणजे ज्यांची गोष्ट, त्यांच्याकडूनच ती तपासली गेली, आणि हरवली तेव्हा त्यांच्यातल्याच एका बाईनं परत उभी केली.

आणि नागदेवाचार्यांची ती प्रसिद्ध गोष्ट. केसोबास संस्कृतचे मोठे पंडित. ग्रंथ संस्कृतात करावा असं त्यांच्या मनात आलं. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. का, तर अशानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. 'समजणार नाही', 'वंचित राहतील' असं ते म्हणाले नाहीत. नागवतील म्हणाले, लुटल्या जातील. ज्यांच्या आठवणींवर, ज्यांच्या ऐकण्यावर हा पंथ उभा, त्यांच्याच हाताला लागणार नाही अशा भाषेत ती गोष्ट नेली तर तो दरोडा आहे, इतकं स्पष्ट. मी सबटायटलच्या खिडकीत 'मला स्वाभिमान आहे'चं इंग्रजी पाहिलं तेव्हा मला हाच शब्द आठवला होता. आठवून मी बिल पाठवलं, हेही खरं.

समाजाबद्दलचा गैरसमज दूर करायला निघालेल्या माहितीपटात बाई बहुतेक वेळा पुराव्यासारखी येते. आरोप करायचा असेल तर ती अत्याचाराचा पुरावा, बचाव करायचा असेल तर 'बघा, आमच्या बायका किती मोकळ्या' याचा पुरावा. रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो किंवा कॅम्पातलं लाल देऊळ, ही पुण्यातल्या ज्यूंची प्रार्थनास्थळं दाखवणारे लघुपट पाहिलेत का? शब्बाथचे दिवे लावणारी आजी, हिरव्या काठाची नऊवारी, मराठीत म्हटलेली प्रार्थना. गोड असतं सगळं. कोकणातले बेने इस्रायली ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटलं, हेही त्यात येतं. पण त्या आजीनं देवळाच्या कारभाराबद्दल, मुलीच्या लग्नाबद्दल काही तिरकस म्हटलं असेल तर ते राहतं बाजूला. तिला निवेदकानं दिवा लावायला आणलेलं असतं.

मुस्लीम बायकांच्या वाट्याला याचं दुसरं टोक येतं. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लीम बायकांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक नको, बहुपत्नीत्व नको, समान नागरी कायदा हवा. चार वर्षांनी, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला तो २०१७ साली. मधल्या पन्नासेक वर्षांत त्या सात जणींचा दाखला किती जणांनी किती कारणांसाठी दिला असेल, आणि त्या स्वतः काय म्हणत होत्या हे किती जणांना ठाऊक आहे? त्यांना आपल्या नवऱ्यांशी, आपल्या काझींशी, आपल्या सरकारशी भांडायचं होतं. शेजारच्या धर्मवाल्यांनी बाल्कनीत उभं राहून टाळ्या वाजवाव्यात म्हणून त्या बाहेर पडल्या नव्हत्या. पण टाळ्या तिथूनच जास्त पडल्या, आणि त्या टाळ्यांचा आवाज ऐकून घरातल्यांचं मन आणखी घट्ट झालं.

दाऊदी बोहरा समाजातल्या मुलींच्या खतन्यावर प्रिया गोस्वामींनी 'अ पिंच ऑफ स्किन' हा माहितीपट केला, तो २०१२ साली आला. त्यात बोलणाऱ्या बायकांचे चेहरे दाखवलेले नाहीत. चेहरा का झाकावा लागतो याचा विचार केला तर सगळा पेच कळतो. घरात बोलली तर ती समाजाची बदनामी करणारी. बाहेर बोलली तर ऐकणारा म्हणणार, 'बघा, हे असेच असतात', आणि ती ज्या आईवर रागावलेली आहे त्याच आईची बाजू घ्यायची वेळ तिच्यावर येणार. असा माहितीपट फक्त बाहेरच्यांनी पाहिला तर त्यांच्या हातात एक दगड येतो. तोच चार बोहरा मावश्या-भाच्यांनी एका दिवाणखान्यात बसून पाहिला तर त्यांच्यात जे बोलणं होईल ते कुठल्याही महोत्सवात होणार नाही. चित्रपट तोच, कुठं लागला यावर तो काय करणार हे ठरतं. म्हणून परतीचा खेळ मला सौजन्याची गोष्ट वाटत नाही. अशा माहितीपटाचं निम्मं काम तिथंच व्हायचं असतं.

'गैरसमज' या शब्दाला मी मघाशी अवतरणचिन्हं घातली, त्याला कारण आहे. प्रत्येक बदनाम पंथ गैरसमजाचा बळी असतोच असं नाही. पुण्याला हे चांगलं ठाऊक असायला हवं. १९७४ साली रजनीश पुण्यात आले, १९८१ साली अमेरिकेत गेले, १९८७ साली परत आले, १९९० साली इथंच वारले. कोरेगाव पार्कातल्या लाल-भगव्या झग्यांबद्दल पेठांमध्ये जे बोललं जायचं त्यातलं निम्मं चहाटळपणाचं होतं. पण २०१८ साली त्यांच्या अमेरिकेतल्या काळावर सहा भागांची मालिका आली, जगभर गाजली, आणि पुण्यातली नवी पिढी शीलाबाईंच्या, म्हणजे रजनीशांच्या तेव्हाच्या सचिव मा आनंद शीला यांच्या, मुलाखतींवर फिदा झाली. त्या झगमगाटात कम्यूनमध्ये वाढलेली मुलं कुठं होती? त्यांनी मोठेपणी आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल सांगितलं, त्यावरचा माहितीपट २०२४ साली यावा लागला. समाजाची बाजू समजून घेताना समाजातलं सगळ्यात दुबळं माणूस कोण, हे विचारलं नाही तर सहानुभूती नेमकी सत्तेच्या मांडीवर जाऊन बसते. परतीच्या खेळाला कुणाला बोलवायचं हेही यातूनच ठरतं. ट्रस्टींना बोलावून मोकळं झालं की खेळ झाला, असं नाही.

याच्यावर माझ्या ओळखीचे दिग्दर्शक चिडतात. त्यांचं म्हणणं असं, की सगळ्यांना विचारत बसलं तर एकही धारदार माहितीपट होणार नाही. वस्तीत दाखवला की कुणाचा भाऊ येणार, कुणाचा नगरसेवक येणार, हे काढा ते काढा सुरू होणार. मग सरकारी सेन्सॉरला शिव्या देऊन गल्लीचं सेन्सॉर का डोक्यावर घ्यायचं? हा आक्षेप हलका नाही. आपल्याकडे सेन्सॉरशिप घटनेला धरून आहे की नाही याचा निकाल १९७० साली सर्वोच्च न्यायालयात लागला तोच मुळी एका माहितीपटावरून. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या त्या पटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती, ती कापायला सांगितली गेली. त्या गल्लीतल्या बायकांना काय वाटतं, हे त्या सगळ्या खटल्यात कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. निर्माता आणि सरकार दोघं भांडले, आणि खिडकीत उभी असलेली बाई खिडकीतच राहिली.

पण दाखवणं आणि मंजुरी मागणं यांत फरक आहे. ज्याच्याविरुद्ध माहितीपट आहे त्या सावकाराला, महंताला, कारखानदाराला तो आधी दाखवा असं मी म्हणत नाही. ज्यांच्या तोंडची वाक्यं घेतली त्यांना दाखवा. त्यांचं ऐका. मग ठरवा. काही बदलायचं नाही असंही ठरवता येतं, फक्त ते त्यांच्या डोळ्यांत बघून ठरवावं लागतं. 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या स्पर्धेत होता. उत्तर प्रदेशातल्या 'खबर लहरिया' या बायकांनी चालवलेल्या वृत्तपत्राची ती गोष्ट, बऱ्याच जणी दलित. देशभर अभिमानाचं वातावरण. समारंभाच्या तोंडावर 'खबर लहरिया'नं निवेदन काढलं: चित्रपट प्रभावी आहे, पण आम्ही जणू एकाच पक्षाच्या मागं लागलेलो आहोत असं त्यात दिसतं, ते बरोबर नाही, ही आमची अर्धी गोष्ट आहे आणि अर्ध्या गोष्टीनं पुरी गोष्ट वाकडी होते. दिग्दर्शकांना त्यांची निवड करायचा हक्क होताच. पण या बायका स्वतः पत्रकार होत्या, निवेदन काढू शकल्या. आमच्या पार्किंगमधल्या बाईनं निवेदन कुठं काढायचं?

उलट उदाहरणही आहे. मुंबईतल्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्यानंतर चौदा वर्षं चित्रीकरण करून आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' केला आणि तो वस्त्यावस्त्यांतून दाखवला. पडदा बांधून, रात्री, शेकडो माणसांसमोर. तीन तासांहून मोठा चित्रपट लोकांनी बसून पाहिला, त्यावर वाद घातला. धार कमी झाली नाही. पुण्यातच अतुल पेठे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांवर 'कचराकोंडी' केला आणि पुढं याच कामगारांना घेऊन 'सत्यशोधक' नाटक उभं केलं. म्हणजे ज्यांना कॅमेऱ्यानं पाहिलं तेच नंतर रंगमंचावर उभे राहून प्रेक्षकांकडे पाहायला लागले. असं सगळ्यांना जमणार नाही, मान्य. पण अशक्य आहे असं म्हणायला जागा उरत नाही.

धोक्याचं काय, हा मात्र खरा अवघड प्रश्न. बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीतल्या एखाद्या बाईच्या गावी घरच्यांना ठाऊक असतं की ती पुण्यात कंपनीत आहे. तिचा चित्रपट जाहीर दाखवणं म्हणजे तिचं घर मोडणं. तर तिथं परतीचा खेळ म्हणजे पडदा बांधून गर्दी जमवणं नव्हेच. दार लावून, बोलणाऱ्या चौघीजणी आणि त्यांना हव्या त्या मैत्रिणी, एवढंच. तिथं बाई म्हणाली, माझा आवाज बदला, तर बदलायचा. हे शेवटी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. कारण हल्ली परतीचा खेळ तुम्ही केला नाही तरी तो होतोच. महोत्सवातून, ट्रेलरमधून कुणीतरी तीस सेकंदांचा तुकडा कापतो, त्यावर ढोल-ताशाचं संगीत आणि एक भडक ओळ चढवतो, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत तिच्या भावाच्या फोनवर येतो. पूर्वी माहितीपट परत जायचे नाहीत. आता जातात, तुकड्यांनी. पूर्ण चित्रपट आधी पाहिलेली बाई निदान घरात सांगू तरी शकते की मी असं बोलले नव्हते, पुढचं वाक्य कापलंय.

पैशाचं कारण मी ऐकून घेणार नाही. एका दिवसाच्या कॅमेऱ्याच्या भाड्यात प्रोजेक्टर, स्पीकर, समाजमंदिराची वीज आणि पन्नास जणांचा चहा-वडापाव होतो. पडद्याला पांढरी चादर चालते. दुसऱ्या भाषेतलं बोलणं असेल तर मराठी सबटायटल करावीत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी एकानं बाजूला उभं राहून सांगावं. मूकपटांच्या काळात तंबूत असे सांगणारे असायचेच. कायद्याची मात्र एक गंमत आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना त्यातून सूट मिळते, तिचे अर्ज आहेत, पद्धत आहे. समाजमंदिरातल्या खेळासाठी अर्ज करायला कोण बसलंय? २००४ सालच्या मुंबईच्या महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्राची अट घातली गेली, त्या वादातून माहितीपटवाल्यांनी 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सव भरवून दाखवला होता. स्वतःच्या प्रेक्षकांसाठी जेवढं भांडलो, तेवढं आपल्या पात्रांसाठीही भांडू की.

पुण्यातले महोत्सव, कॉलेजांचे माध्यम विभाग, माहितीपटांना पैसे देणारे ट्रस्ट यांच्या अर्जात कथासूत्र, बजेट, तांत्रिक तपशील सगळं विचारतात. त्यात एक रकाना घालायला काय लागतं: चित्रपटातल्या माणसांना तो कुठं, कधी, कोणत्या भाषेत दाखवला? दाखवला नसेल तर का? 'नाही' लिहिणाऱ्याला बाद करा असंही माझं म्हणणं नाही, कारण कधीकधी खरोखर कारण असतं: माणूस मेलेलं असतं, गाव उठलेलं असतं, जिवाला धोका असतो. पण कारण लिहावं लागलं की माणूस विचार करतो. सबटायटल करणाऱ्यांसाठीही असा एखादा रकाना असावा, हे मी स्वतःला सामील धरून म्हणतेय.

तर तो पार्किंगमधला प्रश्न. मी दिग्दर्शिकेला फोन केला. वितरणाचा करार सुरू आहे, फाइल बाहेर देता येत नाही, पण बघते, असं उत्तर आलं. माझ्या लॅपटॉपवर कामासाठी दिलेली प्रत होती, कडेला आडवा शिक्का मारलेली, कोपऱ्यात टाइमकोड पळणारी. करारानुसार ती मी कुणालाही दाखवायची नव्हती. एका गुरुवारी तिचं वर्गीकरण आटोपल्यावर वॉचमनच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. ती हात धुऊन, पदर खोचून, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली. सोबत तिची जाऊ. पंचेचाळीस मिनिटं दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. स्वतःचा चेहरा मोठा होऊन आला तेव्हा तिनं फक्त पदरानं ओठ पुसले, पडद्यावरचे की स्वतःचे कोण जाणे.

संपल्यावर ती म्हणाली, "चांगलं केलंय." मग थोडं थांबून, "ते लिफ्टचं कुठं गेलं?"

मला ठाऊक होतं ते कुठं गेलं. मुलाखतीत जिन्याचं वाक्य एकटं नव्हतं. त्याआधी ती म्हणाली होती, "पाच मजले बादली घेऊन जिन्यानं उतरते. लिफ्टमध्ये घेत नाहीत आम्हाला, वास येतो म्हणतात." आणि मग, "मी कचरा उचलते, पण कुणाच्या जिन्यात थुंकत नाही." लांबी कमी करताना पहिली दोन वाक्यं गेली, आणि उरलेल्या वाक्याचा 'स्वाभिमान' झाला. मी कच्च्या चित्रणाचं शब्दांकन केलं होतं, त्यामुळे मला सगळं माहीत होतं. मी कधी कुणाला म्हटलं नाही, की ही लिफ्ट आमच्याच सोसायटीची आहे. बी विंग.

"वेळेत बसत नव्हतं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. जाऊनं विचारलं, रविवारी वस्तीत सगळ्यांना दाखवता येईल का, सासूबाईंना बघायचंय, टीव्हीला जोडायची वायर पोराकडे आहे. मी म्हटलं, विचारून सांगते. दिग्दर्शिकेला त्या रात्री पुन्हा मेसेज केलाय. दोन निळ्या टिका आल्यात. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत लिफ्टचा विषय घालावा म्हणून सेक्रेटरींनाही लिहिलंय. त्यांनी अंगठा पाठवलाय.